जुनी यंत्रे आणि छाटणीची सनद

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी खरेदी केलेला एखादा लॅपटॉप कपाटातून काढून चालू केला, तर बहुधा असे आढळते, की त्याच्या कळा पूर्ववत दाबल्या जातात, पडदा उजळतो, पंखा घरघरतो, आणि ज्या प्रोसेसरने त्या काळी सेकंदाला कोट्यवधी आज्ञा पार पाडल्या तो आजही तितक्याच वेगाने तितक्याच आज्ञा पार पाडण्यास समर्थ असतो. बॅटरी आणि हार्ड डिस्क या दोन झिजणाऱ्या वस्तू सोडल्या, तर त्याच्या अंगी वार्धक्याचे म्हणण्यासारखे लक्षण दिसत नाही. तथापि त्याचा मालक त्याला निकामी समजतो, आणि ही समजूत सर्वस्वी निराधारही नसते. कारण त्या यंत्रावर पुढे केव्हातरी चढवलेली ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्यास कित्येक मिनिटे घेते, पत्र लिहावयास घेतले तर कळ दाबल्यावर अक्षर क्षणभराने उमटते, आणि ब्राउझर उघडताच हार्ड डिस्कचा दिवा जो लागतो तो विझण्याचे नाव घेत नाही. यंत्र होते तसेच राहिले. त्यावर अंमल करणाऱ्या प्रणालीचा सरंजाम मात्र वाढत गेला.

तो किती वाढला याचा जमाखर्च सहज मांडता येतो. ऑगस्ट १९९५मध्ये आलेल्या विंडोज ९५ची किमान मागणी ४ मेगाबाइट रॅमची होती. २००१च्या विंडोज एक्सपीने ६४ मेगाबाइट मागितले, २००७च्या व्हिस्टाने ५१२, आणि २०२१च्या विंडोज ११ने ४ गिगाबाइट, म्हणजे सव्वीस वर्षांत ही मागणी हजारपटीने चढली. या वाढीतील काही भाग न्याय्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे: चलच्चित्रे, संदेशांचे सांकेतिकीकरण, जगातील नाना लिप्या यथायोग्य उमटवण्याची सोय, या गोष्टी फुकट होत नाहीत. परंतु बराचसा भाग असा आहे, की स्मृती स्वस्त झाली म्हणून ती सढळ हाताने खर्च झाली. स्वित्झर्लंडमधील झ्यूरिकचे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात हीच तक्रार केली होती, की यंत्रे ज्या गतीने वेगवान होत आहेत त्याहून अधिक गतीने आज्ञावल्या मंद होत आहेत. हे निरीक्षण पुढे विर्थ यांच्या नावाने रूढ झाले, वस्तुतः त्यांनी स्वतः त्याचे श्रेय आपले सहकारी मार्टिन रायझर यांना दिले होते.

जुन्या यंत्रासाठी हलकी प्रणाली निवडण्याची जी वहिवाट गेल्या पाव शतकात पडली, ती या वाढीला दिलेला नकार होय. तिचा इतिहास पाहू लागले म्हणजे ध्यानात येते, की प्रत्येक हलकी प्रणाली हा मुळात काय ठेवावे आणि काय वगळावे याचा एका माणसाने किंवा चार माणसांनी केलेला निवाडा असतो, आणि त्या निवाड्यावरून निवाडा करणाऱ्याच्या नजरेसमोर कोणता वापरकर्ता होता हे जसे कळते, तसेच कोणता नव्हता हेही कळते. माझ्या मते मराठी वाचकाने या इतिहासाकडे लक्ष द्यावे याचे मुख्य कारण या दुसऱ्या गोष्टीतच आहे, आणि तिच्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे.

परंपरेचा आरंभ शोधावयाचा तर अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानातील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत जावे लागते. १९६९ साली या प्रयोगशाळेने मल्टिक्स नावाच्या एका प्रचंड प्रकल्पातून अंग काढून घेतले, आणि त्यावर काम करणारे केन टॉम्पसन, डेनिस रिची प्रभृती तरुण संशोधक यंत्राविना उरले. नवा संगणक मिळावा म्हणून त्यांनी केलेले अर्ज वरिष्ठांनी नामंजूर केले. तेव्हा टॉम्पसन यांनी इमारतीत फारसा कोणी वापरत नसलेला, त्या वेळच्या मानानेही मागे पडलेला पीडीपी-७ नावाचा संगणक हाती घेतला, आणि त्यावर एका नव्या प्रणालीचा पाया घातला. या यंत्राच्या स्मृतीत १८ बिटांचे ८,१९२ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघे १८ किलोबाइट. मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांच्या एका चित्रालाही याहून अधिक जागा लागते. पुढे एकस्व विभागाला मजकूर छापण्याची सोय करून देतो, या बोलीवर त्यांना पीडीपी-११ मिळाला, त्याचीही स्मृती २४ किलोबाइट होती, पैकी १६ प्रणालीने घेतले आणि ८ वापरणाऱ्यांसाठी उरले. युनिक्सची ही जन्मकथा सर्वश्रुत आहे. परंतु आज जगभर ज्या प्रणालीचे वंशज चालतात ती एका टाकून दिलेल्या यंत्रावर, मंजुरी न मिळालेल्या अवस्थेत घडली, ही गोष्ट तितक्या आग्रहाने सांगितली जात नाही. प्रत्येक आज्ञावलीने एकच काम करावे, ते नीट करावे, आणि मोठे काम अशा अनेक लहान आज्ञावल्या एकमेकींना जोडून साधावे, हा युनिक्सचा जो संप्रदाय पुढे तत्त्वज्ञान म्हणून मिरवला, त्याच्या मुळाशी ही जागेची टंचाई पुष्कळ अंशी होती.

मात्र टंचाईतून काटकसर शिकणे निराळे, आणि दुसऱ्याने रचलेल्या प्रणालीतील नको तो भाग काढून टाकण्याचा हक्क असणे निराळे. विंडोजचा मूळ मसुदा कोणाला पाहता येत नव्हता, छाटून पुन्हा वाटता येणे तर दूरच. हा हक्क रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीने मिळवून दिला: १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८९ साली जीपीएल नावाचा जो परवाना प्रसृत केला, त्यान्वये मसुदा वाचावा, बदलावा, बदललेला इतरांस द्यावा, फक्त घेणाऱ्यालाही हेच अधिकार द्यावेत, अशी तजवीज झाली. १९९१मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लीनस टोरवाल्ड्स याने ४ मेगाबाइट रॅमच्या ३८६ संगणकावर लिनक्स नावाचा जो गाभा लिहिला तो पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळींचा होता, आणि १९९२ साली त्याने तो याच परवान्याखाली आणला. पुढील सर्व हलक्या प्रणालींची सनद ती ही. जुन्या संगणकाला जीवदान देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गाभा लिहिला नाही, ब्राउझर लिहिला नाही. त्यांनी निवड केली, छाटणी केली, आणि जे उरले ते एकत्र नांदेल असा बंदोबस्त केला. हे काम गौण मानण्याचा प्रघात आहे, तो मला मान्य नाही.

आरंभीची छाटणी फ्लॉपीच्या मापाने झाली. १.४४ मेगाबाइटच्या एका तबकडीत गाभा आणि नित्याच्या आज्ञा बसवता आल्या पाहिजेत, म्हणून ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन या लिनक्सच्या शाखेच्या स्थापनेची तबकडी तयार करताना १९९५-९६च्या सुमारास बिझीबॉक्स ही आज्ञावली रचली, जिच्यात डझनावारी लहान आज्ञा एकाच फाइलीत एकत्र नांदतात. आज घरोघरच्या राउटरांत हीच आज्ञावली चालते. टॉम ओहसर यांनी फ्लॉपीची आखणी नेहमीहून दाट करून १.७२२ मेगाबाइट जागा काढली, आणि तीत एक संपूर्ण लिनक्स बसवले. परंतु ही सारी दुरुस्तीची हत्यारे होती. बिघडलेल्या यंत्रातील कागदपत्रे सोडवून घेण्यासाठी ती उत्तम, त्यांवर कोणी दिवसभर लिहीत बसत नसे. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २०००च्या सुमारास क्नॉपिक्स सिद्ध केले तेव्हा चित्र पालटले. त्यांनी सुमारे २ गिगाबाइटचा ऐवज दाबून ७०० मेगाबाइटच्या सीडीत बसवला, आणि चालवताना लागेल तेवढाच भाग उलगडावा अशी योजना केली; त्यायोगे हार्ड डिस्कला हातही न लावता पूर्ण सजलेली प्रणाली सीडीवरून चालू लागली.

क्नॉपिक्स हलके नव्हते. त्याला हलके केले ते अमेरिकेतील जॉन अँड्र्यूज यांनी. त्या काळी भेटपत्रिकेच्या आकाराची एक चिमुकली सीडी मिळत असे, तिच्यात सुमारे ५० मेगाबाइट मावत. या मर्यादेत रोजच्या उपयोगाची किती आज्ञावली बसवता येते हे पाहण्याचा अँड्र्यूज यांनी २००३च्या सुमारास प्रयोग आरंभला, आणि त्यातून डॅम स्मॉल लिनक्स ही प्रणाली निपजली. तीत काय होते याची नुसती यादी वाचली तरी आश्चर्य वाटते: चौकटी सांभाळण्यास फ्लक्सबॉक्स, जाळ्यावर हिंडण्यास डिलो, पत्रव्यवहारास सिल्फीड, गाण्यांसाठी एक्सएमएमएस, लेखनास टेड, शिवाय हिशेबाचा तक्ता, आणि हे सर्व १६ मेगाबाइट रॅम असलेल्या ४८६ संगणकावरही चालू शकत असे. रॅम थोडी अधिक असली तर सारी प्रणाली तीत उतरवून घेण्याची सोय होती, आणि मग सीडीची घरघर थांबे, तबकडी बाहेर काढून ठेवता येई, आणि मेन्यूवर बोट ठेवताच चौकट अशी उघडे, की नव्या कोऱ्या यंत्राच्या मालकालाही हेवा वाटावा.

पन्नास मेगाबाइटांची ही मर्यादा अँड्र्यूज यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट शिंगलडेकर यांनी व्रतासारखी पाळली, आणि तिची किंमतही भरली. मर्यादा सांभाळावयाची म्हणून गाभा २.४ या जुन्या मालिकेतलाच राहिला, म्हणून नव्या वायरलेस उपकरणांची ओळख त्याला पटेनाशी झाली. खिडक्या-बटणे काढणारी सामग्रीही जीटीके १.२ ही जुनीच ठेवावी लागली. नवी वस्तू आत घ्यावयाची तर जुनी बाहेर काढल्यावाचून जागा नव्हती. २००८च्या सुमारास दोघांचे मार्ग वेगळे झाले. शिंगलडेकर यांनी टायनी कोअर नावाची आणखी लहान, दहा-बारा मेगाबाइटांची प्रणाली उभारली, आणि मूळ प्रकल्प हळूहळू निजला.

डॅम स्मॉल लिनक्स निपजले त्याच सुमारास, २००३ साली, ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी पपी लिनक्सचा आरंभ केला, आणि माझ्या दृष्टीने या सबंध परंपरेतील सर्वांत कल्पक निवाडा तो हाच. पपी पहिल्यापासूनच रॅममध्ये चढते, जुन्या हार्ड डिस्कच्या मंदपणाशी तिचा संबंधच येत नाही. परंतु रॅममधील लेखन यंत्र बंद होताच नाहीसे होणार. यावर कॉलर यांनी काढलेली तोड अशी, की प्रथम बंद करताना प्रणाली मालकाला विचारते, आजचे काम जपून ठेवावे काय, आणि ठेवावयाचे तर कोठे. पेनड्राइव्हवर ठेवा, हार्ड डिस्कवरील विंडोजच्या हद्दीत एक फाइल म्हणून ठेवा, किंबहुना ज्या सीडीवरून प्रणाली सुरू झाली तिच्याच उरलेल्या जागेत ठेवा. मूळ प्रणाली आहे तशी, दाबलेल्या स्वरूपात, अस्पर्श राहते, आणि मालकाने केलेले बदल एका निराळ्या फाइलीत साठून पुढच्या वेळी तिच्यावर पसरले जातात. काही बिघडले तर ती फाइल बाजूला सारावी, प्रणाली पहिल्या दिवसासारखी होते. ज्याच्यापाशी स्वतःचा संगणक नाही पण एक पेनड्राइव्ह आहे, अशा विद्यार्थ्याला याचा केवढा उपयोग असेल, हे वेगळे सांगावयास नको. पपीत वापरणाऱ्याला सर्वाधिकारी म्हणूनच प्रवेश मिळतो, यावर जाणकारांनी पुष्कळ टीका केली, आणि ती योग्यही आहे. अनेकांच्या सामायिक यंत्रावर मी ती बसवणार नाही.

आपल्याकडे ही परंपरा पोहोचली तेव्हा तिला अनुकूल भूमी तयार होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जुळवलेले संगणक, कार्यालयांनी लिलावात काढलेली यंत्रे, संस्थांनी शाळांना देणगीदाखल दिलेली बिनकामाची सामग्री, यांचा सुकाळ होता, आणि नवे यंत्र घेणे ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वार्षिक अंदाजपत्रकातील मोठी बाब होती. लिनक्स येथे प्रथम जाळ्यावरून नव्हे, तर मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींवरून पसरले. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ पासून ती प्रथा पाडली. जाळ्यावरून आणावयाचे म्हटले तर फोनच्या तारेवरचा ५६ किलोबिटांचा वेग सलग व पुरेपूर मिळाला असे धरूनही ७०० मेगाबाइटांची सीडी उतरण्यास जवळजवळ अठ्ठावीस तास लागले असते, आणि तो वेग सलग मिळत नसेच. डॅम स्मॉल लिनक्सच्या ५० मेगाबाइटांना मात्र दोन तास पुरत. अमेरिकेत जी मर्यादा हौसेने घालून घेतली गेली होती ती इकडे फोनच्या बिलात मोजली जात होती.

आणि तरीही मराठी घरात, मराठी शाळेत ती प्रणाली पुरी पडली नाही. कारण काय, तर तिने जे वगळले होते त्यात देवनागरी होती.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. रोमन लिपीत अक्षरामागे अक्षर ठेवीत गेले की शब्द होतो. देवनागरीत संगणकाच्या स्मृतीतील क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम एक नसतो: ‘पिढी’ लिहिताना स्मृतीत प आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर नोंदली जाते, पण दिसताना वेलांटी प च्या आधी यावी लागते, ‘दुसऱ्या’मध्ये ऱ, हलन्ताचे चिन्ह आणि य या तीन नोंदींतून य ला चिकटलेली ती चंद्रकोरीसारखी रेघ घडवावी लागते, जी मराठीला पदोपदी लागते. हा संस्कार करणारी निराळी आज्ञावली असते. लिनक्सच्या मुलखात ते काम पँगो आणि पुढे हार्फबझ यांनी केले, आणि पँगोचा जीटीके सामग्रीत प्रवेश झाला तो मार्च २००२च्या दुसऱ्या आवृत्तीपासून. डॅम स्मॉल लिनक्सने जागेसाठी १.२ ही आवृत्ती ठेवली होती. तिच्या डिलो ब्राउझरात मराठी पान उघडले तर अक्षरांच्या जागी लॅटिन चिन्हांची निरर्थक रांग दिसे. आणि ज्या आज्ञावल्यांना युनिकोड कळे पण संस्कार कळत नसे, त्यांत ‘पिढी’ची पहिली वेलांटी प सोडून ढ वर जाऊन बसे, ‘दुसऱ्या’ तुटून तीन तुकडे होई. ज्या मुलाला नुकतीच बाराखडी शिकवली आहे त्याच्यापुढे असा पडदा ठेवण्यापेक्षा संगणक न ठेवलेला बरा. हा कोणाचा दुष्टावा नव्हता. पन्नास मेगाबाइटांत काय बसवावे हे ठरवणाऱ्या सज्जनांना इंग्रजी वाचणारा माणूस दिसत होता, एवढेच. पण वगळणुकीचा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो.

ही उणीव भरून काढण्याच्या कामात महाराष्ट्राचा हात आहे, आणि तो सांगितला पाहिजे. मराठी रसिकांना कवी आणि सुलेखनकार म्हणून परिचित असलेले र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात असताना ‘रघु’ हा देवनागरी टंक रेखला, आणि तो मुक्त परवान्याखाली सर्वांना मिळाला. विंडोजमधील ‘मंगल’ही त्यांचाच. पुढे रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांची टंकमाला मुक्त केली, आणि तिची देखभाल पुष्कळ काळ कंपनीच्या पुणे कार्यालयातील भाषाविषयक तुकडीने केली. लोहितची देवनागरी फाइल एखाद्या लहानशा छायाचित्राहून मोठी नाही. भार टंकाचा नव्हता, संस्कार करणाऱ्या यंत्रणेचा होता. आणि ती यंत्रणा एकदा सर्वमान्य सामग्रीत मुरल्यावर हलक्या प्रणालींनाही ती आपोआप लाभू लागली. आज अँटिएक्स किंवा डेबियन बसवल्यावर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ एवढा एक संच मागवला की मराठी स्वच्छ उमटते. म्हणून मराठी माणसाने हलकी प्रणाली पारखताना सर्वांत आधी तीत ‘दुसऱ्या पिढीतील वऱ्हाड’ एवढे तीन शब्द लिहून पाहावेत. ते सरळ उमटले नाहीत तर रॅमची बचत कितीही असो, ती प्रणाली आपली नव्हे.

२००७ साल या इतिहासात महत्त्वाचे आहे, कारण त्या वर्षी लहान यंत्रे नवी कोरी म्हणून बाजारात आली. मुलांसाठी योजलेल्या एक्सओ यंत्रात २५६ मेगाबाइट रॅम होती, आणि त्याचा भारतातील आरंभीचा एक प्रयोग रायगड जिल्ह्यातील एका छोट्या शाळेत झाला. तैवानच्या आसुसने ५१२ मेगाबाइट रॅमचा ईई पीसी लिनक्ससह विकला. जी छाटणी पूर्वी भंगारासाठी होत होती ती आता विक्रीच्या मालासाठी होऊ लागली. तैवानच्याच होंग जेन यी यांनी २००६ साली आरंभलेले एलएक्सडीई हे हलके डेस्कटॉप या लाटेवर जगभर गेले, त्यातून उबुंटूची लुबुंटू ही शाखा २०११ साली अधिकृत झाली. नेटबुक म्हणून ओळखली गेलेली ही लहान यंत्रे पाच-सहा वर्षांत मागे पडली. लुबुंटूच्या मंडळींनी २०१८ साली स्पष्ट जाहीर केले, की यापुढे जुनी यंत्रे हे आपले प्रमुख लक्ष्य राहणार नाही. तरीही पुष्कळ ठिकाणी ती अजून जुन्याच कीर्तीवर सुचवली जाते.

निवडीत फसगत कशी होते याचे एक उदाहरण मात्र मला फार बोलके वाटते. २००३ नंतरच्या बऱ्याच उत्तम लॅपटॉपांत पेन्शियम एम हा प्रोसेसर असे. २०१२च्या सुमारास उबुंटूसारख्या लिनक्सच्या काही प्रमुख शाखांनी असे ठरवले, की पीएई नावाची स्मृतिविषयक क्षमता नसलेल्या प्रोसेसरांवर आपली प्रणाली चालणार नाही. आरंभीच्या पेन्शियम एमच्या अंगी ही क्षमता होती, परंतु तो आपल्या गुणांची जी यादी प्रणालीला सादर करतो तीत तिची नोंदच नव्हती. परिणामी धडधाकट यंत्रे केवळ दप्तरातील एका गळलेल्या कलमामुळे दारातून परत फिरवली गेली. २०१४ साली गाभ्यात ‘फोर्सपीएई’ अशी एक सूचना घालण्यात आली, आणि सुरू करताना ती हाताने लिहून दिली की तीच यंत्रे बिनतक्रार चालू लागली. तोवर त्यांतील किती भंगारात गेली असतील, त्याची गणना कोणी ठेवलेली नाही.

आज ज्याच्यापुढे असे यंत्र आहे त्याने प्रणालीच्या नावाने आरंभ न करता यंत्राच्या चौकशीने करावा. प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, हा पहिला प्रश्न, कारण ३२ बिटांसाठी दारे झपाट्याने मिटत आहेत. रॅम किती आणि वाढवता येते काय, हा दुसरा. जुन्या रॅमची पट्टी दुकानात अजून स्वस्तात मिळते, आणि फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो कोणत्याही छाटणीने पडत नाही. ३२ बिट आणि १ गिगाबाइटपर्यंत रॅम असेल तर ग्रीसमधून २००७ पासून चालत आलेले अँटिएक्स मी निःसंकोच सुचवीन. २५६ मेगाबाइटांवरही ते चालते, आणि डेबियनचे सारे भांडार त्याला खुले असते. ६४ बिट आणि २ गिगाबाइट असतील तर डेबियनवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप चढवावे, अथवा त्याच घराण्यातील एमएक्स घ्यावे. रॅममधीलच काही भाग दाबून तिची क्षमता वाढवणारी झेडरॅम ही योजना चालू ठेवावी. नितीन गुप्ता या भारतीय विकासकाने ती प्रथम रचली, आणि २०१४ साली तिला गाभ्यात कायमचे स्थान मिळाले. एवढे करूनही जाळ्यावरची पाने जड वाटतील, कारण आता भार प्रणालीचा राहिलेला नाही, पानांचा आहे. प्रणाली दीडशे मेगाबाइटांत संसार करते आणि बँकेचे किंवा वर्तमानपत्राचे एकच पान त्याच्या कित्येक पट मागते. लेखन, वाचन, हिशेब, ध्वनिमुद्रणे ऐकणे, मुलांना टंकलेखन शिकवणे, यांसाठी ते यंत्र उत्तम आहे. एका वेळी वीस पाने उघडी ठेवण्यासाठी नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे.

फेब्रुवारी २०२४मध्ये जॉन अँड्र्यूज यांनी डॅम स्मॉल लिनक्सचे पुनरुज्जीवन केले. अँटिएक्सच्या पायावर उभ्या असलेल्या या नव्या अवताराची मर्यादा ५० नव्हे, ७०० मेगाबाइट आहे, म्हणजे सीडीची. ज्या आकाराला छाटून तो प्रकल्प जन्मला होता तोच आता त्याचा काटकसरीचा आकडा ठरला. या वाढीची खंत करणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन, की या ७०० मेगाबाइटांत देवनागरीचा संस्कार आहे, त्या ५०मध्ये नव्हता.

दरम्यान जुने म्हणजे काय याचीच व्याख्या पालटली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित देखभाल संपली, आणि विंडोज ११ला २०१७च्या उत्तरार्धात आलेल्या पिढीपूर्वीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर मंजूर नाहीत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. तेव्हा २०१५-१६ साली घेतलेले ८ गिगाबाइट रॅमचे धडधाकट लॅपटॉपही कागदोपत्री बाद ठरले. त्यांना हलक्या प्रणालीची गरजच नाही. साधे डेबियन किंवा मिंट त्यांवर सुखाने चालते, छाटणीवाचून. खरी अडचण ३२ बिटांच्या यंत्रांची आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ने त्यांच्यासाठी गाभा आणि स्थापनेची सोय देणे बंद केले. आधीच्या डेबियन १२ची दीर्घ देखभाल जून २०२८पर्यंत चालणार आहे, आणि अँटिएक्सची २३ ही आवृत्ती तिच्याच पायावर आहे; ती मुदत सरल्यावर ही यंत्रे जाळ्यापासून तोडून केवळ लेखन-वाचनासाठी ठेवावी लागतील, म्हणून ज्यांच्यापाशी ती आहेत त्यांनी मराठीचे टंक, शब्दकोश आणि हवी ती पुस्तके आत्ताच त्यांवर उतरवून घ्यावीत.